सही करा, पण ‘मिळालं’ एवढ्यापुरतीच

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘वय 41. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टेस्ट लीड आहे. इथे 6 वर्षं 5 महिने झाले. मागच्या दोन्ही अप्रेझलला रेटिंग चांगलं होतं. चार महिन्यांपूर्वी मॅनेजर बदलला. गेल्या मंगळवारी पंधरा मिनिटांची मीटिंग लावली, आत गेलो तर एचआरच्या मॅडमही बसलेल्या. 60 दिवसांचा पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारण्याची योजना, हातात दिला. पाच मुद्दे आहेत. त्यातला एक खरा आहे, मागच्या मोठ्या रिलीजचे टेस्ट रिपोर्ट माझ्याकडून उशिरा गेले. बाकीचे “ओनरशिप कमी”, “कम्युनिकेशन सुधारा” असले. शुक्रवारपर्यंत पोर्टलवर स्वीकारायचं आहे. निघताना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, तुम्ही स्वतःहून पेपर टाकलेत तर रेकॉर्ड स्वच्छ राहील. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता 46 हजार आहे, मुलगी दहावीत आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. रोज लॅपटॉप उघडून बसतो, काम सुचत नाही. राजीनामा देऊन टाकू का?’

नमस्कार,

नाही. निदान या आठवड्यात तरी नाही.

तुमचं पत्र बुधवारी रात्री आलं. शुक्रवारची मुदत होती म्हणून हे उत्तर तुम्हाला आधी मेलवर पाठवलं. तुमची परवानगी घेऊन ते आता इथे देते आहे, कारण गेल्या वर्षभरात याच विषयावरची पत्रं वाढली आहेत. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून हिंजवडी-खराडीच्या प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी या धास्तीत आहे.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कुठल्या अनुभवातून आलंय ते कळेल. मी बावीस वर्षं एचआरमध्ये होते. तुम्हाला मिळाला तसला कागद मी स्वतः कितीतरी वेळा तयार केला आहे. एक प्रसंग अजून डोळ्यांपुढून जात नाही. पंचेचाळिशीचा माणूस, बारा वर्षांची नोकरी. मी आणि त्याचा मॅनेजर टेबलाच्या एका बाजूला, तो एकटा दुसऱ्या. त्याने कागद पूर्ण वाचलासुद्धा नाही. ‘मग मी राजीनामाच देतो,’ म्हणाला. माझ्याकडे पेन मागितलं, सही केली आणि गळ्यातला आयडी काढून टेबलावर ठेवत विचारलं, ‘हे आत्ताच देऊ ना?’ सगळं मिळून अकरा मिनिटं. त्याला काय काय मिळायला हवं होतं, काय काय विचारता आलं असतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. ती चूक मला आजही सलते. त्या दिवशी त्याला जे सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते.

पीआयपी हा शब्द आपल्या कुठल्याही कामगार कायद्यात नाही. ते कंपनीचं अंतर्गत धोरण आहे. कंपनीला त्यातून दोन गोष्टी हव्या असतात. माणूस सुधारला तर ठीकच. नाही सुधारला तर पुढे कुणी विचारलं की दाखवायला फाइल असावी: आम्ही सांगितलं होतं, संधी दिली होती, तारखा अशा अशा. या फाइलमध्ये आज फक्त एका बाजूचं लिखाण आहे. तुमच्या बाजूचंही जायला हवं. आणि ते तुम्हीच लिहायचं आहे, दुसरं कुणी लिहिणार नाही.

शुक्रवारची सही करा. न करण्याने काही साधत नाही, उलट ‘सहकार्य केलं नाही’ अशी आणखी एक ओळ फाइलमध्ये जाते. पण ‘कागद मिळाला’ आणि ‘कागदातलं मान्य आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापील प्रतीवर सही असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा की प्रत मिळाली, मजकुराबद्दलचं म्हणणं वेगळ्या मेलने कळवत आहे. पोर्टलवर नुसतं बटण असेल आणि शेरा लिहायला जागा नसेल, तर बटण दाबल्यावर लगेच, त्याच दिवशी, मॅनेजर आणि एचआर दोघांना मेल टाका. तुम्ही तो इंग्रजीतच लिहाल. आशय साधारण असा असू द्या:

‘60 दिवसांच्या योजनेची प्रत मला मिळाली. ही योजना मी मनापासून पूर्ण करणार आहे. मुद्दा क्रमांक 2, टेस्ट रिपोर्टला झालेला उशीर, मला मान्य आहे. तो पुन्हा होऊ नये म्हणून रिलीजच्या दोन दिवस आधी मसुदा पाठवायची पद्धत मी या आठवड्यापासून सुरू केली आहे. मुद्दा 1, 3, 4 आणि 5 बद्दल माझी विनंती अशी की, नेमक्या कोणत्या प्रसंगांवरून हे निरीक्षण झालं ते सांगावं आणि 60 दिवसांनी काय दिसलं म्हणजे मुद्दा पूर्ण झाला असं धरायचं ते मोजता येईल अशा शब्दांत लिहून द्यावं. मागच्या दोन वार्षिक मूल्यमापनांत या चार मुद्द्यांचा उल्लेख नव्हता, याचीही नोंद घ्यावी.’

बस, एवढंच. सहा वर्षांत काय काय केलं, नवीन मॅनेजर कसा आहे, कुणाला जास्त रेटिंग मिळालं, यातलं काहीही त्या मेलमध्ये नको. लिहून झाल्यावर तासभर बाजूला ठेवा, मग परत वाचा आणि प्रत्येक रागाचं वाक्य काढून टाका. हा मेल उद्या तिसऱ्या माणसाने वाचला, म्हणजे मॅनेजरच्या वरच्या साहेबाने किंवा एखाद्या अधिकाऱ्याने, तर त्याला दिसलं पाहिजे की या माणसाने चूक होती तिथे ती मान्य केली आणि मोघम होतं तिथे खुलासा मागितला.

रिपोर्टला उशीर झाला हे तुम्ही पत्रात आपणहून लिहिलंत, त्यामुळे मला तुमच्याबद्दल भरवसा वाटला. तो मुद्दा पहिल्या पंधरा दिवसांत निकालात काढा. पाचातला एक मुद्दा चोख पूर्ण झाला की बाकीच्यांबद्दल बोलताना तुमचा आवाज आपोआप खंबीर होतो.

‘ओनरशिप कमी’ हे मोजायचं कशाने? ते ठरवायला मॅनेजरकडेच सोडलं तर 60 व्या दिवशी त्याच्या मनाला येईल ते ठरेल. म्हणून मोजमाप तुम्हीच सुचवा. उदाहरणार्थ, रिलीजनंतर क्लायंटकडे सापडलेल्या डिफेक्टची संख्या, मीटिंगचे मुद्दे त्याच दिवशी पाठवणं, रिग्रेशनचं (जुनं काही बिघडलं नाही ना, या फेरतपासणीचं) ऑटोमेशन आज किती आणि दोन महिन्यांनी किती. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर तुमच्या हातात आकडा आला. ‘नको’ म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर तेही तारखेसकट कागदावर राहिलं. दर आठवड्याचा आढावा ठरलेल्या वारी घ्या आणि तो संपल्यावर अर्ध्या तासात चार ओळींचा मेल पाठवा: आज हे बोलणं झालं, हे पूर्ण, हे बाकी, आपल्या सूचना या. मॅनेजरने मीटिंग रद्द केली तरी मेल जाऊ द्या, ‘आजचा आढावा झाला नाही, माझी प्रगती अशी’.

यातूनच तीन-चार आठवड्यांत तुम्हाला कळेल की हा पीआयपी कुठल्या जातीचा आहे. काही खरंच सुधारण्यासाठी असतात. त्यात मॅनेजर वेळ देतो, उदाहरणं देतो, एखादं ट्रेनिंग किंवा सोबत शिकवणारा माणूस देतो. काही मात्र आधीच ठरलेले असतात. आढावे टळत राहतात, तुम्हाला क्लायंटच्या कॉलमधून हळूच काढतात, ‘नॉलेज ट्रान्सफर’ म्हणून तुमचं काम ज्युनियरला समजावायला सांगतात, किंवा तुमच्याच जागेची जाहिरात नोकरीच्या साइटवर दिसते. ही चिन्हं दिसली तर काम नीट करणं सोडू नका, पण मनातली आशा तिथून काढून घ्या.

कामगिरी बरी असतानाही असा कागद का येतो, हा प्रश्न तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. मी आतून पाहिलंय ते सांगते. प्रोजेक्टचं बजेट कमी होतं. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेली, माणसं वाढतात. प्रत्येक टीममधून ठरावीक टक्के माणसं खालच्या खान्यात दाखवा असा वरून निरोप येतो. ही बेल कर्व्हची पद्धत जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्श यांनी गाजवली, मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ती सोडूनही दिली, पण तिची सवय खूप ठिकाणी अजून मुरलेली आहे. आणि नवीन मॅनेजर आला की त्याच्या दृष्टीने सगळ्यात सोपं नाव कुणाचं? ज्याच्याशी त्याचा काही जुना संबंध नाही आणि ज्याचा पगार टीममध्ये जास्त आहे त्याचं. तुमच्याकडे हेच घडलं असं मी म्हणत नाही. पण ‘मी कामाचाच राहिलो नाही’ हा निष्कर्ष त्या कागदावरून काढू नका. तो कागद चार महिन्यांच्या ओळखीवर लिहिलेला आहे.

आता मॅडम हळूच बोलल्या त्याबद्दल. त्या खोटं बोलल्या नाहीत. पुढची कंपनी चौकशी करते तेव्हा बहुधा तारखा, पद आणि सोडण्याचं कारण विचारते, आणि तिथे ‘राजीनामा’ हा शब्द ‘काढलं’पेक्षा सोयीचा असतोच. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. हे दार आज बंद होत नाही. बहुतेक कंपन्या 55 व्या दिवशीही राजीनामा आनंदाने घेतात, कारण काढण्याची कटकट त्यांनाही नको असते. तुमच्याकडे तसंच आहे का, हे तोंडी विचारून घ्या. तुम्ही आज गेलात तर दोन महिन्यांचा पगार, नोकरीत असताना नोकरी शोधायची सोय आणि वाटाघाटीची जागा, तिन्ही एकदम जातात.

शिवाय ग्रॅच्युइटी. पाच वर्षं झालेली आहेत, म्हणजे ती तुमच्या हक्काची आहे. हिशेब असतो दर वर्षाला 15 दिवसांचं वेतन, महिना 26 दिवसांचा धरून. आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त भरले असतील तर ते पूर्ण वर्ष मोजतात. तुमची 6 वर्षं 5 महिने झाली आहेत. समजा मूळ वेतन 60 हजार आहे. आज सुटलात तर सहा वर्षांचे 2 लाख 7 हजार 692 रुपये. साडेसहा वर्षं ओलांडून सुटलात तर सात वर्षांचे 2 लाख 42 हजार 308. पीआयपीचे 60 दिवस नुसते पूर्ण केलेत तरी ती रेघ ओलांडता. नव्या कामगार संहितांत (त्यांच्याबद्दल पुढे सांगते) वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे तुमचा आकडा याहून जास्तही येऊ शकेल, एचआरकडून लेखी हिशेब मागा. आणि कामगिरी कमी होती या कारणाने ग्रॅच्युइटी अडवता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

शेवटी राजीनामाच द्यायची वेळ आली तर तो किंमत ठरवून द्या. नोटीस पिरियडचा पूर्ण पगार, शिल्लक रजांचे पैसे, रिलिव्हिंग आणि अनुभवाचं पत्र, आणि एखादा बोनस परत मागणार आहेत का, याची उत्तरं आधी मेलवर येऊ द्या, मग पेपर टाका. कुणी खोलीत बसवून ‘आत्ता, इथेच’ म्हणालं तर एकच वाक्य: ‘मला घरी आणि वकिलांशी बोलायचं आहे, परवा उत्तर देतो.’ उठून या. तुम्हाला कुणी अडवू शकत नाही.

कायद्याचं सांगायचं तर आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. तुम्ही त्यात ‘कामगार’ ठरता का, हे व्हिजिटिंग कार्डावरच्या पदावर ठरत नाही, दिवसभर मुख्यतः काय काम करता यावर ठरतं. लीड म्हणून तिघांना कामं वाटून देत असाल, पण बहुतेक वेळ स्वतः टेस्टिंग आणि स्क्रिप्ट लिहिण्यात जात असेल, तर तुमची बाजू मांडायला जागा आहे. कामगार ठरलात तर कपात करताना महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनामा लिहून दिला की हा मुद्दा फार लंगडा होतो. म्हणून कामगार कायद्याच्या वकिलाला आताच एकदा भेटा, भांडायला नव्हे, कागद दाखवायला. आयटीवाल्यांची नाईट्स ही संघटना पुण्याचीच आहे, तिने अशा तक्रारी कामगार खात्याकडे नेलेल्या आहेत. आणखी एक: वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. ‘फुल अँड फायनल’ला महिना-दीड महिना लावायची जुनी रीत तुम्हाला सांगितली गेली तर हे दाखवा.

पुरावे जमवताना मात्र एक चूक भलेभले करतात. घाबरून ऑफिसचे मेल, फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. असं अजिबात करू नका. कंपनीच्या यंत्रणेत ते लगेच दिसतं आणि ‘गोपनीय माहिती बाहेर नेली’ हे कारण कामगिरीपेक्षा कितीतरी भारी पडतं. तुमचं स्वतःचं आहे तेवढंच घ्या: ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, पगारवाढीची आणि अप्रेझलची पत्रं, हा पीआयपी. एचआर पोर्टलवरून ही कागदपत्रं बहुधा रीतसर उतरवून घेता येतात. क्लायंटने कौतुकाचा मेल केला असेल तर तो पाठवू नका. घरी एका वहीत लिहा, कुणी, कोणत्या तारखेला, कोणत्या विषयाचा मेल केला. पुढे लागलाच तर कंपनीकडून मागता येतो. त्याच वहीत रोज रात्री दोन ओळी, आज काय झालं.

आणि शोध आजपासून. रोज एक तास, ऑफिसचा लॅपटॉप न वापरता. आधी जुन्या सहकाऱ्यांना फोन, मग साइट्स. कुणी विचारलं का सोडताय, तर ‘मॅनेजमेंट बदललं, कामाची दिशा बदलली, मला ऑटोमेशनमध्ये पुढे जायचंय’, हे खरंही आहे आणि पुरेसंही. पीआयपीचं आपणहून सांगायची गरज नाही. थेट विचारलं तर मात्र खोटं बोलू नका.

सगळ्यात अवघड गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. बायकोला आज सांगा. तुम्ही तिला त्रासातून वाचवताय असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही आठवडाभर जेवताना गप्प आहात हे तिला दिसलेलं आहे. तिने मनात याहून वाईट काहीतरी रचलं असेल. मुलगी झोपल्यावर, टीव्ही बंद करून, कागद-पेन घेऊन बसा. कागदावर हप्ता, शाळा-क्लास, घरखर्च, आई-वडिलांची औषधं लिहा. समोर शिल्लक, एफडी, येऊ घातलेली ग्रॅच्युइटी. भागिले केलं की महिने निघतात. चार निघाले तरी चार हा आकडा आहे, रात्री छातीवर बसणारं नुसतं ओझं नाही. हप्ता चुकेल असं वाटलं तर चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला, चुकल्यावर नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी आताच बघा. त्याच विमा कंपनीत ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारा. मुलीला मात्र परीक्षा होईपर्यंत तपशील नको. ‘बाबांच्या ऑफिसात थोडं टेन्शन आहे, आम्ही बघतोय,’ एवढं तिला पुरेल.

झोप लागत नाही, काम सुचत नाही, हे पहिल्या आठवड्यात साहजिक आहे. पंधरा दिवसांनीही तसंच राहिलं किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

शुक्रवारी बटण दाबलंत, मेल पाठवलात की मला कळवा. त्यांचं उत्तर आलं तर नाव-गाव झाकून तेही पाठवा. पुढच्या मेलचा मसुदा आपण मिळून बघू.